खालून विस्तव नसलेली चूल: कॉम्बी मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ कच्चे का राहतात?

गणपतीत गावाहून एक जून तवसं आलं आणि मी हौसेने कॉम्बी मायक्रोवेव्हमध्ये धोंडस करायला घेतलं. ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: जून काकडीचा कीस, भाजलेला जाड रवा, गूळ आणि ओलं खोबरं शिजवून घेतात, जाड बुडाच्या टोपात ओततात, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवून खरपूस भाजतात. मैदा नाही, अंडं नाही, तरी आमच्याकडचा हा केकच. मी ते काचेच्या भांड्यात घातलं, 'कॉम्बी' लिहिलेलं बटण दाबलं आणि पंचवीस मिनिटं लावली. बाहेर आलं ते वरून काळपट, मधे गिळगिळीत आणि तळाला चक्क पांढरट खीर. दुसऱ्या खेपेला दहा मिनिटं वाढवली, तर वरचा थर कोळसा झाला आणि तळ होता तसाच. तिसऱ्या खेपेला आई शेजारी उभी होती. तिने दार उघडून आत वाकून बघितलं, छताकडे बघितलं, मागची जाळी बघितली आणि विचारलं, "अगो, हेका खालसून इस्तो खंय आसा?"

दोन वर्षं माहितीपुस्तक उलटसुलट वाचून मला जे कळलं नव्हतं, ते तिने अर्ध्या मिनिटात सांगितलं. याला खालून विस्तवच नाही.

त्यानंतर नणंदेच्या, शेजारच्या काकूंच्या, ऑफिसातल्या मैत्रिणींच्या ओव्हनच्या तक्रारी मी ऐकत गेले. दहातल्या सात-आठ जणींचं दुखणं शेवटी तेच निघालं. मशीन बिघडलेलं नसतं. आपण त्याला एक चूल समजतो, आणि असतात तिथे तीन, तिन्हींचे स्वभाव वेगळे.

पहिली चूल म्हणजे मायक्रोवेव्ह. लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ, लांबी साधारण १२ सेंटीमीटर. त्या पदार्थात दोन-तीन सेंटीमीटर शिरतात आणि मुख्यतः त्यातलं पाणी तापवतात. पाणी १०० अंशांना उकळतं आणि वाफ होऊन जातं, म्हणून ओला पदार्थ त्याच्या वर तापत नाही. आणि आपण ज्याला खरपूस म्हणतो तो रंग-वास यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे जावा लागतो. १९४५ साली अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे या लहरी तयार करणाऱ्या नळीवर, काम करत होता, तेव्हा खिशातलं चॉकलेट वितळल्याचं त्याच्या लक्षात आलं, आणि तिथून हे यंत्र जन्मलं अशी कथा सांगतात. कथेत चॉकलेट वितळतं, भाजत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरी चूल ग्रिल. ती छताला असते आणि फक्त समोर दिसेल तेवढंच भाजते, झाकणावरच्या निखाऱ्यांसारखी. तिसरी कन्व्हेक्शन, म्हणजे बहुतेक घरगुती मॉडेलमध्ये मागच्या जाळीआड असलेला हीटर आणि गरम हवा फिरवणारा पंखा. खाली काय? काचेचा फिरता थाळा आणि त्याखाली मोटर. साध्या ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) खालीवर दोन्हीकडे तापणाऱ्या कांड्या असतात, म्हणून त्यातला केक तळाला भाजतो. आपल्या या यंत्रात तळाला जी उष्णता पोचते ती हवेतून, जाळीच्या स्टँडमधून आणि भांड्याच्या धातूमधून फिरून फिरून. ती वाट आपण बंद केली की तळ कच्चा राहतो.

वर करपतं, मधे-खाली कच्चं राहतं

सगळ्यात आधी बघा, तुम्ही कुठलं 'कॉम्बी' लावलंय. बऱ्याच मॉडेलमध्ये दोन असतात: मायक्रो अधिक ग्रिल, आणि मायक्रो अधिक कन्व्हेक्शन. पॅनलवर दोन्हींची चित्रं इतकी सारखी असतात की चष्मा लावूनही फसायला होतं. नागमोडी रेघांसोबत वर दाते असलेली आडवी रेघ असेल तर साधारण ते ग्रिल, पंख्याचं चिन्ह असेल तर कन्व्हेक्शन. माझं पहिलं धोंडस ग्रिल-कॉम्बीवर झालं होतं. म्हणजे झाकणावर धगधगते निखारे, आतून थोड्या लहरी आणि तळाला काहीच नाही. ते तसं होणारच होतं.

दुसरी चूक स्टँडची. ओव्हनसोबत दोन जाळीचे स्टँड येतात, एक उंच, एक बुटका. ते फडताळात धूळ खात पडतात आणि भांडं थेट काचेवर ठेवलं जातं. काच तापायला वेळ घेते आणि भांड्याखालून हवा फिरू देत नाही. भाजायचं असेल तर भांडं नेहमी बुटक्या स्टँडवर ठेवायचं. उंच स्टँड ग्रिलसाठी. केकचं भांडं उंच स्टँडवर ठेवलं तर तो फुगून छताजवळ जातो आणि वरून जळतो.

तिसरी चूक प्रीहीटची, म्हणजे पदार्थ ठेवण्याआधी ओव्हन रिकामा तापवण्याची, आणि इथे मशीन थोडं फसवतं. १८० अंश झाले की बीप वाजते. पण सेन्सरने मोजलेली ती हवा असते. भिंती, काच, स्टँड अजून कोमटच असतात. दार उघडून केक ठेवेपर्यंत ती गरम हवा निघून जाते आणि आत उरते कोमट पेटी. म्हणून बीप झाल्यावर आणखी आठ-दहा मिनिटं रिकामंच चालू द्यायचं, आणि बुटका स्टँड आतच ठेवायचा. तापलेला स्टँड हाच आपला खालचा विस्तव. काही मशीन बीपनंतर ठरावीक वेळ वाट बघून आपोआप बंद होतात. अशा वेळी १८० वर दहा मिनिटं असं परत लावायचं. रिकामं चालवायचं ते फक्त कन्व्हेक्शन. मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बी कधीही रिकामं चालवू नका, लहरी शोषायला आत काही नसलं तर त्या मॅग्नेट्रॉनलाच त्रास देतात.

केक अर्धा झाल्यावर दार उघडून डोकावायची खोड असेल तर ती सोडा. तीस लिटरची पेटी ती, एका श्वासात थंड होते. बघायचंच असेल तर सांगितलेल्या वेळेचा पाऊण भाग उलटल्यावर बघा.

भांड्याचा आकारही बघा. २८-३० लिटरच्या ओव्हनचा फिरता थाळा साधारण ३१ सेंटीमीटरचा असतो, म्हणून लोक दहा इंची टिन आणतात. ते फिरतंही, पण चारी बाजूंनी हवेला जागाच उरत नाही. सात किंवा आठ इंची घ्या. पीठही चार-पाच सेंटीमीटरपेक्षा जाड ओतू नका. जास्त झालं तर दोन घाणे करा, ते कंटाळवाणं आहे हे मान्य.

एवढं करूनही मधे कच्चं राहिलं तर तापमान वाढवू नका, दहा-पंधरा अंशांनी कमी करा आणि वेळ वाढवा. पंख्याच्या ओव्हनला तसंही ओटीजीच्या पाककृतीपेक्षा पंधरा-वीस अंश कमी लागतात. वरचा रंग आधीच आला असेल तर वर फॉइल झाका, पण हे फक्त शुद्ध कन्व्हेक्शनमध्ये. मायक्रोवेव्ह चालू असताना फॉइल म्हणजे आत फुलबाजी.

कॉम्बीत टाकू की साध्या कन्व्हेक्शनमध्ये?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. माझा हिशोब साधा आहे. पदार्थ ओला, जड आणि जाड असेल तर कॉम्बी. कोरडा, हलका किंवा पातळ असेल तर नुसतं कन्व्हेक्शन.

धोंडस, रव्याचा ओलसर केक, हांडवो (डाळ-तांदळाच्या पिठाचा जाड गुजराती खारा केक), अख्खी रताळी, चिकनच्या तंगड्या, भरलेली ढोबळी मिरची यांना आतपर्यंत शिजायला वेळ लागतो आणि नुसत्या गरम हवेवर ठेवलं तर तोवर बाहेरचं वाळतं. मायक्रोवेव्ह आतून हात देतो, काम बऱ्यापैकी लवकर होतं.

मैद्याचा हलका केक कॉम्बीत घातला तर भराभर फुगतो, मग बसतो आणि थंड झाल्यावर चामड्यासारखा ओढला जातो. बिस्किटांचं तर विचारूच नका. नणंदेने नानखटाई कॉम्बीवर लावली होती. बाहेरून गोरीपान, आणि मोडली तर मधोमध काळा डाग! नानखटाईत पाणी नाममात्र, तूप आणि साखर भरपूर. शंभर अंशांवर थोपवून धरणारं पाणीच नसल्यामुळे मधला भाग आधी जळतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

नानखटाई नुसत्या कन्व्हेक्शनवर १६० अंश, पंधरा ते अठरा मिनिटं. तरी खालून पांढरी राहते ही तक्रार उरतेच. त्यावर उपाय म्हणजे पातळ, गडद रंगाची पत्र्याची थाळी. चकचकीत ॲल्युमिनियमची उष्णता परतवते, काळपट थाळी ओढून घेते. ती थाळी प्रीहीटच्या वेळी आत ठेवून तापवायची नाही बरं का, नाहीतर वर ठेवल्या ठेवल्या तूप वितळून नानखटाई पसरते. थाळी थंड, स्टँड गरम. पिझ्झाचं याच्या बरोबर उलट: तिथे बिडाचा छोटा तवा, लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ नसलेला, प्रीहीटपासून आत ठेवा आणि पिझ्झा त्यावर सरकवा. अर्थात पिझ्झाच्या पाककृतीत २५० अंश लिहिलेले असतात आणि आपल्यातले बरेच ओव्हन २०० किंवा २२० ला थांबतात. तेव्हा दुकानासारख्या पिझ्झ्याची आशा माफक ठेवा.

पूर्वी दिवाळीत आम्ही नानखटाईचं पीठ डब्यात भरून बेकरीत नेत असू. तिथली भट्टी खालून इतकी तापलेली असायची की दहा मिनिटांत घाणा बाहेर. घरच्या ओव्हनला त्या भट्टीशी तोलणं अन्यायाचं आहे, पण जीभ तोलतेच.

भाजायला ठेवलं आणि पाणीच सुटलं

पनीर टिक्का, चिकन, बटाट्याच्या फोडी. 'ग्रिल केलं की उकडलं?' असं घरचे विचारतात ते यांच्या बाबतीत.

कारण पाणी. आधी सांगितलं तसं, ओला पृष्ठभाग शंभर अंशांवर अडकतो. वर ग्रिल कितीही लाल झाला तरी आधी ते पाणी आटलं पाहिजे. मायक्रोवेव्ह आतलं पाणी बाहेर ढकलतो, ते ताटलीत साचतं, त्याची वाफ होते, पेटी दमट होते आणि पदार्थ स्वतःच्याच वाफेत उकडतो.

म्हणून कॉम्बीचं एकच बटण दाबून मोकळं व्हायचं नाही, काम दोन टप्प्यांत करायचं. चिकनच्या तंगड्या आधी मायक्रो-कन्व्हेक्शनवर, मायक्रो कमी ठेवून, आतून शिजवून घ्या. सुटलेलं पाणी ओतून टाका (फेकू नका, रश्शात घाला). कागदी रुमालाने तुकडे टिपा, तेलाचा हात फिरवा आणि उंच स्टँडवर ठेवून नुसत्या ग्रिलवर दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटं. स्टँडखाली काचेची ताटली ठेवा म्हणजे ठिबकणारं तेल थाळ्यावर पसरणार नाही. चिकन आतून शिजल्याची खात्री रंगावरून करू नका. हाडाजवळ सुरी खुपसून स्वच्छ पाणी येतंय का बघा, थर्मामीटर असेल तर ७४ अंश. मायक्रोवेव्ह असमान तापवतो, एक तंगडी तयार आणि दुसरी हाडाशी लाल असं सहज होतं.

मॅरिनेशनला लावलेलं दही आधी फडक्यात टांगून घट्ट करा. पनीरला तर मायक्रोवेव्ह दाखवूच नका, रबर होतं. नुसता ग्रिल, आधी पाच मिनिटं तापवलेला. आणि तुकड्यांमध्ये बोटभर अंतर. एकमेकांना चिकटून बसलेले तुकडे वाफ धरून ठेवतात.

ग्रिल चालू असताना मधेच विझतो, परत लाल होतो, म्हणून एका मैत्रिणीने मेकॅनिक बोलावला होता. येण्याचे पैसे घेऊन तो गेला. छत फार तापू नये म्हणून ग्रिल असा उघडझाप करतोच. मायक्रोवेव्हचंही तेच. इन्व्हर्टर (लहरींचा जोरच कमी-जास्त करणारा मशीनमधला भाग) नसलेल्या मशीनमध्ये ५० टक्के पॉवर म्हणजे निम्म्या जोराच्या लहरी नसतात, पूर्ण जोराच्या लहरी निम्मा वेळ असतात. कान दिला तर घुमण्याचा आवाज बदलताना ऐकू येतो. काही मॉडेलच्या कॉम्बीतही दोन चुली एकदम पेटत नाहीत, आळीपाळीने पेटतात. म्हणून दोन्ही एकदम चालतात असं धरून वेळ निम्मी करू नका.

ठिणग्या उडतात

ताबडतोब बंद करा आणि क्रमाने बघा. सोनेरी काठाची बशी आहे का? फॉइलचा कपटा? पत्र्याचं टिन कॉम्बीवर लावलंय का? कन्व्हेक्शनमध्ये टिन चालतं कारण तेव्हा लहरी बंद असतात. कॉम्बीत त्या चालू असतात, आणि टिनचा धातू जिथे स्टँडच्या धातूला टेकतो तिथे ठिणगी पडते. सुटं बूड असलेलं टिन तर हमखास. 'मग स्टँड कसा चालतो?' असं सगळेच विचारतात. तो त्या पेटीसाठी तपासून बनवलेला असतो, दुसऱ्या कंपनीचा आणून लावू नका. शिवाय ठिणगी नाही पडली तरी टिन लहरींना बाजूंनी आणि खालून अडवतं, मग त्या फक्त वरून शिरतात आणि कॉम्बीचा फायदाच जातो. कॉम्बीत बोरोसिलसारखी काच किंवा सिलिकॉन. मायक्रोवेव्ह-सेफ लिहिलेला प्लॅस्टिकचा डबा नुसत्या मायक्रोसाठी, कॉम्बीत तो वितळतो. कन्व्हेक्शन संपल्यावर लगेच त्यात भाजी गरम करायला ठेवली तरीही वितळतो, कारण भिंती अजून तापलेल्या असतात. हे मी एका डब्याच्या मोबदल्यात शिकले.

यातलं काहीच नसेल तर आतल्या उजव्या भिंतीवरचा पुठ्ठ्यासारखा करडा तुकडा बघा. तो अभ्रकाचा पत्रा, त्यामागून लहरी येतात. त्यावर तेल उडून वाळलं की ते जळतं आणि तिथेच ठिणग्या निघतात. ओल्या फडक्याने हलकेच पुसा. काळं भोक पडलं असेल तर पत्रा बदलावा लागतो, तो स्वस्त असतो आणि मापाने कापूनही मिळतो. तो काढून टाकून ओव्हन चालवू नका.

मशीन खरंच कमजोर झालंय का?

मेकॅनिकला फोन करण्याआधी घरच्या घरी तीन चाचण्या होतात.

मायक्रोवेव्हची ताकद: ओव्हन थंड असताना काचेच्या वाडग्यात एक लिटर साधं पाणी घ्या, ढवळून तापमान मोजा, पूर्ण पॉवरवर बरोबर दोन मिनिटं ठेवा, परत ढवळून मोजा. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणा, म्हणजे वॅट येतात. पाणी २६ वरून ४८ वर गेलं, २२ अंश वाढले, म्हणजे ७७० वॅट. थोडी उष्णता वाडगा खातो, तेव्हा ९०० वॅट लिहिलेल्या मशीनने आठशेच्या आसपास दिले तर ते ठणठणीत आहे. सहाशेच्याही खाली आलं तर काहीतरी गडबड. थर्मामीटर स्वयंपाकाचा हवा. तापाचा ४२ च्या पुढे जात नाही आणि फुटला तर पाऱ्याची भानगड.

लहरी कुठे जास्त पडतात: फिरता थाळा काढा, मधल्या फिरत्या खुंटीला न टेकेल अशी सपाट काचेची ताटली अडकवा, तिच्यावर कच्चे उडदाचे पापड पसरा आणि पूर्ण पॉवरवर अर्धा ते पाऊण मिनिट. समोर उभं राहून बघायचं, जळायला लागले की बंद. काही ठिकाणी पापड फुललेला, बोटभर अंतरावर तसाच कच्चा. फुललेले भाग साधारण सहा-सहा सेंटीमीटरवर दिसतील, लहरीच्या लांबीच्या निम्म्यावर. हा नकाशा बघितल्यावर थाळा का फिरतो आणि अधूनमधून ढवळायला का सांगतात ते कुणाला समजवावं लागत नाही. बरोबर मध्यावर ठेवलेला पदार्थ जागच्या जागी फिरतो, म्हणून छोट्या वाट्या कडेला, गोलात ठेवाव्यात.

कन्व्हेक्शनचं तापमान खरं आहे का: स्टीलच्या ताटलीत चमचाभर साखर, १७० अंश प्रीहीट करून पंधरा मिनिटं. वितळायला नको. मग १९५ वर पंधरा मिनिटं. आता वितळायला हवी. १७० लाच पाक झाला तर ओव्हन जास्त तापतोय, १९५ लाही कोरडी राहिली तर कमी. फरक किती ते एकदा कळलं की प्रत्येक पाककृतीत तेवढी बेरीज-वजाबाकी करायची.

तिन्हींत नापास झालं तरी आधी वीज बघा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी २०० व्होल्ट येत असतील तर ती जवळजवळ चोवीस टक्के कमी होते. काकूंचा केक दुपारी नीट होई आणि संध्याकाळी सातला बसे. सगळ्या इमारतीचे एसी त्याच वेळी लागत. आणि ओव्हन एक्स्टेंशन बोर्डावर लावला असेल तर आजच काढा. कन्व्हेक्शनला दोन किलोवॅटच्या आसपास लागतात, त्याला १६ ॲम्पिअरचा मोठा सॉकेट हवा. वायर हाताला गरम लागली तर केक हा नंतरचा प्रश्न आहे.

बाहेरचं आवरण मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढला असला तरी. आत वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल असा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. दार नीट लागत नसेल, बिजागरी सैल असेल किंवा दाराची जाळी गंजली असेल तर ओव्हन वापरणं थांबवून जाणकारालाच बोलवा.

पदार्थ काढल्यावरही पंखा चालू राहतो, तेव्हा वीज वाचवायला लगेच भिंतीवरचं बटण बंद करणारे आमच्या घरात दोघं आहेत. तो पंखा आतले भाग थंड करत असतो. त्याला त्याचं काम संपवू द्यावं.

बेबिंकाचं वेगळं

गोव्याच्या एका मैत्रिणीने विचारलं की बेबिंका, म्हणजे तिकडचा थराथरांचा गोड केक, यात होईल का. मी म्हटलं, दुसरं काही नाही झालं तरी ती होईल. बेबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवरच भाजतात, म्हणजे तिला खालचा विस्तव नकोच आहे. नुसता ग्रिल, बुटका स्टँड, प्रत्येक थरावर तुपाचा चमचा, थर डागाळून लाल झाला की पुढचा. सात थरांना दीड-दोन तास मोडतात, आणि दर वेळी दार उघडलं तरी बिघडत नाही, कारण ग्रिलला हवेशी देणंघेणं नाही. ज्या खोडीसाठी केकला शिक्षा होते ती इथे माफ.

आणि माझं धोंडस

आता मी असं करते. एक वाटी जाड रवा तुपावर भाजून, दोन वाट्या तवशाचा कीस त्याच्या सुटलेल्या पाण्यासकट, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, काजू, वेलची, चिमूटभर मीठ. कढईत आधी शिजवून घट्टसर करते. पळीतून ओघळलं नाही, धबकन पडलं पाहिजे. हा टप्पा गाळला तर कुठलाच ओव्हन वाचवत नाही. सात इंची काचेच्या भांड्याला तूप लावून चार सेंटीमीटर थर. १८० ला प्रीहीट, बीपनंतर आणखी दहा मिनिटं, स्टँड आत. मग मायक्रो-कन्व्हेक्शन १८० अंश, मायक्रोचा वाटा सगळ्यात कमी, वीस मिनिटं. मग नुसतं कन्व्हेक्शन पंधरा मिनिटं, म्हणजे कडा भांड्यापासून सुटतात. विणायची सुई मधे खुपसून कोरडी निघाली की बंद, आणि तसंच आत दहा मिनिटं.

वरून छान लाल होतं, मधे शिजतं, तळ पूर्वीपेक्षा खूपच बरा. पण आईच्या टोपातली ती खालची जाड, किंचित कडवट खरवड काही येत नाही. म्हणून थंड झाल्यावर वड्या पाडते, बिडाच्या तव्यावर तूप सोडते आणि तळाची बाजू खाली करून गॅसवर तीन-चार मिनिटं ठेवते. आई आली की ती आधी वडी उलटी करून बघते.